स्वरदा, वय आठ

मुलुंड पूर्व,
रविवार

ती. सुनंदाताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे मनातल्या मनातच घालते आहे.) तुझी साखर कशी आहे? भावजी अजून पहाटे उठून सगळ्या घराला उठवतात का? इकडे आम्ही ठीक. फोनच केला असता, पण भिंतींना कान असतात आणि आमच्या भिंतींना सूनही आहे, म्हणून पत्र.

काल स्वरदाला घेऊन मत्स्यालयात गेले होते. सुट्टीत तिथे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना समुद्रातले जीव हाताळायला देतात. मिथुनने महिनाभर आधी नाव घातलेलं, कारण त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं काही ना काही करतात आणि आपली लेक पलंगावर उलटी पडून पुस्तकं वाचते. दारातच स्वरदाने समुद्रकाकडी पाहिली आणि म्हणाली, "आजी, शी. तूच लाव हात." मग पुस्तक काढून बाकावर जी बसली ती बसलीच. तिच्या नावाचा बिल्ला माझ्या हातात. आता मिथुनला काय सांगायचं या काळजीने (खोटं कशाला, मलाच हात लावायचा होता) मी तो पदराला टोचला आणि मुलांच्या रांगेत उभी राहिले. शिकवणारी प्रियंका, बावीस-तेवीसची पोर, बिल्ला वाचून म्हणाली, "स्वरदा, वय आठ?" मी म्हटलं, "हो." तिने एकदा बिल्ला पाहिला, एकदा मला. मग म्हणाली, "बांगड्या वर सरकव, स्वरदा."

ताई, पाण्यात तळहात धरला की तारामासा त्यावरून शेकडो इवल्या पायांनी चालतो. गुदगुल्या होतात गं. आणि त्या समुद्रकाकडीला फार छळलं तर ती स्वतःची आतडीच बाहेर फेकते. (टेलिफोन खात्यातली माझी शेवटची दोन वर्षं आठवली.) शेवटी प्रश्नमंजूषा झाली. मी आणि केयूर नावाचा दहा वर्षांचा मुलगा बरोबरीत. ऑक्टोपसला हृदयं किती, या प्रश्नाला मी त्याच्या आधी "तीन" म्हणून मोकळी झाले. त्याची आई उठली, "स्पर्धा लहान मुलांची आहे ना?" प्रियंका यादी दाखवून म्हणाली, "स्वरदाच आहे." मोठ्या मनाने मी माघार घेऊ शकले असते. पण आठ वर्षांच्या मुलीकडून एवढ्या समजुतीची अपेक्षा कोण करतं?

पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र घरी आलं आणि मिथुनचे डोळेच भरले. लेकीला उचलून घेतलं, चौकट करून हॉलमध्ये लावायला निघाला. स्वरदा माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे. खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, पण त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. सध्या आहे ते असं आहे.

तुझी,
माणिक

ता. क. मीरेने विचारलं, "आई, एकही फोटो कसा नाही काढलात?" मी म्हटलं, स्वरदा आत होती तेवढ्यात मी विक्रोळीला ताईकडे जाऊन आले. तिचा फोन आला तर आपण पोहे खाल्ले.

आणखी ता. क. पुढच्या शनिवारी माकूल (ते स्क्विड म्हणतात ते) कापून आतलं दाखवणार आहेत. जोडी लागते, म्हणून तुझ्या इरावतीचं नाव घातलंय, वय नऊ. तिला आणू नकोस. जुनी साडी नेसून तू ये.