दाराजवळचा सेन्सर

प्रिय अक्का,

आप्पांना कोण बघणार म्हणून तू कोइमतूरच्या कॉलेजातल्या नोकरीला नकार कळवणार आहेस ना? त्याआधी हे वाच. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि आप्पा सगळं ऐकतात. शिवाय आज मी इतकी खूश आहे, की मध्येच कुणी अडवलेलं मला चालणार नाही.

आमचं बिनतारी सेन्सरांचं जाळं टिकलं! ओरगडमच्या कारखान्यात यंत्रांची उष्णता मोजायला आम्ही चाळीस सेन्सर लावले होते. बॅटरी वर्षभर पुरेल, अशी फुशारकी मीच मारली होती. महिन्याभरात दाराजवळचा एक बंद पडला आणि त्याच्यापाठोपाठ सगळं जाळं मुकं झालं. मी त्याला कामचुकार म्हणायचे. तीनदा बदलला, दर वेळी नवाही तीन आठवड्यांत आडवा. शेषाद्री सरांनी तर प्रकल्प गुंडाळायची भाषा सुरू केली होती.

शेवटी त्यानं पाठवलेले निरोप मोजायला बसले. शंभरातले जेमतेम दोन-तीन त्याचे स्वतःचे, बाकी सगळे इतरांचे! ऑफिसला सर्वांत जवळ तोच, म्हणून एकोणचाळीस जण त्याच्यावर भार टाकून मोकळे. मग मी आपल्या घरचा मैसूरपाकाचा नियम लावला: ज्याच्या हातात जोर उरलाय त्यानं झारा घ्यायचा, बाकीच्यांनी बसायचं. आसपासच्या आणखी सहा सेन्सरांना थेट ऑफिसशी बोलायला शिकवलं. आता पाळीपाळीनं एकजण निरोप पोचवतो, बाकीचे झोपतात. तेरा महिने झाले, एकही बॅटरी संपलेली नाही. काल सरांनी दुसऱ्या शेडलाही मंजुरी दिली.

त्यांना हे फळ्यावर काढून दाखवताना माझा हात मध्येच थांबला. आप्पांच्या पक्षाघातापासून त्यांची औषधं, डॉक्टर, आपल्या भाऊरायाचे, विश्वजितचे बंगळूरहून येणारे फोन, माझ्या चौकशा, सगळं तुझ्याच माथी. आणि मागच्या महिन्यात मी तुला काय म्हणाले? ‘अक्का, तू हल्ली फार चिडचिडी झालीस.’ मला लाज वाटते गं. माफ कर. रविवारपासून मी वेस्ट मांबलमच्या घरी तुमच्याकडे राहायला येते. दिवसा आप्पांपाशी बसायला एक बाई ठरवल्या आहेत, आणि जूनमध्ये विश्वजित दोन महिने येतोय. कॉलेजला होकार कळव. किल्ली माझ्याकडे आहे, मी बेल वाजवणार नाही. मी येईन तेव्हा तू झोपलेली असावीस, एवढीच माझी इच्छा आहे.

तुझीच,
कीर्तना