पाणपिसू वगळल्यावर

३ मार्च
निश्चय: मासळीबाईंशी वाद घालायचा नाही. आमच्या ऑफिसातल्या या जीवशास्त्रज्ञ; नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. मी संख्याशास्त्राचा. वाद बरोबरीच्यांत होतो. काम किरकोळ आहे. कारखान्याचं नवं रसायन ओढ्यात किती सोडलं तर शंभरातल्या पंचाण्णव जाती तगतील, तो आकडा काढायचा.

४ मार्च
वाद घातला. सुरुवात त्यांनी केली.

९ मार्च
मासे, बेडूक, गोगलगाय, शेवाळ, सगळे ग्राफवर शहाण्यासारखे बसलेत. फक्त पाणपिसू नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव थेंबभर रसायनात मरतो आणि माझ्या वक्राची वाट लावतो. अशा कळपाबाहेरच्याला आउटलायर म्हणतात. काढून टाकला. वक्र सुरेख. प्रिंट भिंतीवर लावली.

१० मार्च
बाई प्रिंटसमोर उभ्या. म्हणाल्या, पिसू मेले तर माशांची पिल्लं खाणार काय? म्हटलं, तो मॉडेलचा प्रश्न नाही. सरळ साहेबांकडे गेल्या. चहाडखोर.

११ मार्च
कारखान्याच्या मॅनेजरचा फोन. आकडा तोंडी सांगून टाकला. माणूस खूश. कामाची कदर असलेले लोक आहेत अजून.

१४ मार्च
साहेब म्हणाले, पिसू धरूनही आकडा काढून बघा. काढला. मर्यादा विसाव्या हिश्शावर आली. रिपोर्टमध्ये नको, लोक उगाच गोंधळतात.
बायकोला सांगितलं. म्हणाली, ऑफिसात, सोसायटीत, माझ्या माहेरी, सगळीकडे तुम्हीच कसे बरोबर? तिला सॅम्पलिंग कळत नाही.

२१ मार्च
परवाना समितीची बैठक. अध्यक्षांनी विचारलं, एकूण जाती किती तपासल्या? आठ, म्हटलं. एक वगळली, म्हणजे सात. ते म्हणाले, सातांवरून अख्ख्या ओढ्याचं सांगता? मी म्हटलं, वक्र बघा. कुणीतरी हसलं. मग बाई बोलल्या, बराच वेळ. मी खाली बसलो. पाय दुखत होते.

२४ मार्च
परवाना नाकारला. रिपोर्ट बाई नव्याने लिहिणार, मी त्यांच्या हाताखाली. उदार मनाने हो म्हटलं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच.

२५ मार्च
पहिलं काम: बादली घेऊन ओढ्यावर जा, पिसू आणा, जिवंत. तिथे कळलं, मॅनेजरने माझ्या आकड्याच्या भरवशावर रसायन कधीच सोडायला घेतलंय. दुपारभर गुडघाभर पाण्यात जाळी फिरवली. पिसू नाहीत. बेडूकही नाहीत. रिकामी बादली बाईंच्या टेबलाशी ठेवली. त्यांनी आत वाकून पाहिलं.
ऊन फार होतं आज. सावलीला गेले असतील. उद्या पुन्हा जातो.