सातव्या गाण्यातली बाई

अमरावती,
देवदिवाळीचा दुसरा दिवस

श्री. वामनराव यांस कमलाकांतचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गुडघा परवानगी देत नाही, आणि या वर्षी मनही देत नाही.) तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, बरं वाटलं. डोळ्यावर ताण येणार असेल तर हे पत्र वहिनींकडून वाचून घ्या, कारण हे लांबणार आहे. वहिनींना नमस्कार. चि. गौरांगला आशीर्वाद द्यावेत की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवतो.

दिवाळी झाली की त्या वर्षात निघालेल्या पाच चांगल्या अल्बमची यादी मी तुम्हांला पाठवतो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तुम्ही दर वर्षी ‘यादी मिळाली’ एवढंच कळवता. (त्यातला एकही अल्बम तुम्ही ऐकलेला नाही, हे तुमच्या बहिणीने मला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं.) या वर्षी यादी करायची इच्छा नव्हती. फाल्गुनात तारा गेली, तेव्हापासून एखादं गाणं संपलं की पुढे काय करायचं ते कळत नाही. आधी ती स्वयंपाकघरातून विचारायची, “झालं का तुमचं? मग कुकर लावू?” आता कुकर मीच लावतो, आणि शिट्ट्या मोजायच्या विसरतो. पण नेम मोडायचा नाही म्हणून ऐकलं. एका सारंगीवाल्याचा अल्बम आला आहे, त्यात चाळीस मिनिटांत नऊ राग उरकले आहेत. राग जरा बसतो न बसतो तोच त्याला उठवून दुसऱ्याला जागा करून देतात. एका बाईंच्या गझला आहेत. आवाज यंत्रातून इतका सरळ करून घेतला आहे की दुःखाला कुठे सुरकुतीच नाही. तिसरा चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यात बसून वाजवलेल्या बासरीचा. त्यात मागे पक्षी ओरडतात, ते बासरीपेक्षा सुरात आहेत, म्हणून यादीत घेतला. चौथा मी ऐकलेला नाही. जागा भरायला कोणताही धरा, तुम्हांला काय फरक पडतो?

आता पाचवा. तो तुमच्या चिरंजीवांचा, ‘भुईसूर’. त्याच्या प्रकाशनाचा कार्यक्रम तुमच्याच अकोल्यात झाला, पण तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून घरी होतात, म्हणून तिथे काय घडलं ते तुम्हांला गौरांगच्या तोंडून कळलं असेल. आता माझ्या तोंडून ऐका. रविवारी सकाळी सातच्या एसटीने निघालो. इस्त्रीचा सदरा घातला होता. (इस्त्री मीच केली, म्हणून कॉलरवर तपकिरी त्रिकोण होता.) भाच्याचा कार्यक्रम म्हणून दुसऱ्या रांगेत बसलो. सहा गाणी झाली. त्यांत ढोल, गिटार, बैलांच्या घुंगरांचे आवाज, सगळं होतं. सातवं सुरू झालं. तारा गात होती. मागे गिटार टुणटुणत होती, पण आवाज तिचा. गौरांगने मला आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, वामनराव. आठ महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला, तो दोनशे माणसांत, खुर्चीला नंबर असलेल्या जागी बसून.

गाणं संपल्यावर निवेदन करणाऱ्या रागिणीताईंनी खुलासा केला. हे शेकडो वर्षांपूर्वीचं पारंपरिक भुलाबाईचं गाणं आहे, एका अनामिक वऱ्हाडी स्त्रीने निर्दय नवऱ्याविषयी फोडलेला टाहो आहे, वगैरे. लोकांनी हळहळून माना हलवल्या. आता हा शेकडो वर्षांपूर्वीचा टाहो कधीचा, ते तुम्हांला सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या कोजागरीची दुपार. ताराने आटवायचं दूध गॅसवर ठेवलं आणि मला लक्ष द्यायला सांगितलं. मी हेडफोन लावून नवीन अल्बम ऐकत बसलो. दूध उतू गेलं. गौरांग जुनी गाणी गोळा करत आपल्याकडे आला होता, त्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र ओट्यापाशीच सुरू होतं. ताराने ओटा पुसता पुसता, चाल भुलाबाईची घेऊन, सहा कडवी तिथल्या तिथे जुळवली, सगळी माझ्यावर. दूध उतू गेलं, धनी डोलून राहिले. डाळ करपली, धनी डोलून राहिले. माहेरचे येऊन परत गेले, तरी धनी डोलूनच राहिले. (हे परत गेलेले माहेरचे म्हणजे तुम्ही. मी दाराची बेल ऐकली नव्हती. माफी तेव्हाच मागितली आहे.) संध्याकाळी तिने ते गल्लीतल्या पोरींना शिकवलं आणि पोरींनी भुलाबाईपुढे माझ्याकडे बघून बघून म्हटलं. सहापैकी पाच कडवी खरी आहेत.

तेव्हा मी सभागृहात उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, थो नवरा मी आहो. बसस्टँडवरून पायी आलो.” लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. रागिणीताईंनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला. तो घेऊन मी जागेवर परत आलो, कारण नारळ हातात असताना भांडता येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर गौरांगला गाठलं. तो म्हणाला, “काका, भुलाबाईचं गाणं म्हणजे पारंपरिकच ना? नाव टाकलं की त्यातली मजा जाते.” मी म्हटलं, “अरे, ते पारंपरिक नाही, थे बाई अकोटची आहे. तिले नाव आहे, आधार कार्ड आहे. तुले तिनं धिरडे करून घातले, तवा अनामिक होती काय?” तो म्हणाला, बघतो. तीन आठवडे झाले, अजून बघतोच आहे. मोबाइलवर सातव्या गाण्याखाली आजही ‘पारंपरिक’ लिहिलेलं आहे. चाळीस हजार लोकांनी ऐकलं म्हणे. चाळीस हजारांना मी निर्दय वाटलो, त्याचं मला काही नाही. पण त्यांतल्या एकालाही तिचं नाव माहीत नाही, हे मला सहन होत नाही. तिने जन्मात कधी कशावर आपलं नाव घातलं नाही. भांड्यांवरसुद्धा माझंच आहे. तेव्हा बाप या नात्याने त्याचा कान धरा आणि ‘शब्द आणि आवाज : तारा’ एवढं छापून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षीपासून यादी बंद.

आपला,
निर्दय (पारंपरिक) कमलाकांत

ता. क. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. आणि नारळ खवट निघाला, हेही गौरांगच्या कानावर घाला.

ता. क. दुसरा. हे कोणाला वाचून दाखवू नका. वहिनी वाचत असतील तर त्यांनी मनात वाचावं. सहावं कडवं संपलं की गौरांगने गाणं तोडलं आहे. खरं तर त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेलो होतो आणि विचारलं होतं, “दूध कोणं सांडलं?” तारा हसली आणि मला काहीतरी म्हणाली. गौरांगही हसला. हेडफोन माझ्या कानावरच होता. मी नुसती मान हलवली आणि परत येऊन बसलो. नंतर विचारायचं राहून गेलं. भुलाबाईची गाणी झाली की झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते पोरी ओळखत बसतात ना, तसा मी आठ महिने ओळखत बसलो आहे. नावाचं नाही जमलं तरी चालेल. त्याच्याकडून तेवढा कापलेला तुकडा मागून मला पाठवा. पाठवण्याआधी तुम्ही ऐकू नका.