टाकीचा आकडा येत नाही

४ मार्च, मंगळवार
आजही कोरा स्क्रीन. गच्चीवरच्या टाकीतलं यंत्र पाणी मोजतं, आकडा वाय-फायवरून पाठवतं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. फोनमधलं अ‍ॅप मात्र नुसतं चक्र फिरवत बसतं. यंत्राचा प्रोग्राम माझा, अ‍ॅप सूनबाईंचं. म्हणजे चूक अर्थात यंत्राची!
वॉचमन रंगप्पा पुन्हा पाणी मापायची काठी घेऊन टाकीची लोखंडी शिडी चढला. साठी उलटली, गुडघा सुजलेला. "स्वल्प दुखतंय अम्मा, बाकी सरी." स्वल्प म्हणे, आणि बाकी ठीक! उतरताना कठडा सोडत नव्हता.

५ मार्च
लिफ्टमध्ये सोसायटीचे अध्यक्ष, मूर्ती. "मॅडम, रविवारच्या मीटिंगपर्यंत चाललं तर ठेवू. नाहीतर जुनी पद्धत बरी." जुनी पद्धत म्हणजे रंगप्पाचे गुडघे. बत्तीस वर्षं प्रोग्राम लिहिले मी. निवृत्त होताना ओळखपत्र परत केलं, मेंदू नाही.

६ मार्च
सूनबाई मृणाल एचएसआर भागातल्या ऑफिसातून आठला आली. आल्या आल्या लॅपटॉप.
"आई, तुमच्याकडून काही येतच नाहीये. अ‍ॅप वाचायला जातं, पण रीड रिकामं."
"रिकामं परत येतं, की परतच येत नाही?"
तिने पुन्हा स्क्रीन तपासला. मग हळूच, "परतच येत नाही."
हे चार दिवस आधी सांगायला काय झालं होतं? रिकामं परत आलं तर यंत्राने संपर्क तोडला. परतच येत नाही, म्हणजे अ‍ॅप अजून कशाची तरी वाट बघतंय. कशाची?

७ मार्च
सापडलं. चूक माझी. ओळ संपल्याची खूण मिळेपर्यंत अ‍ॅप वाचतच राहतं. आकडा पोचत होता, खूण नव्हती. ती मीच काढलेली, शेवटचं सगळं 'फालतू' छाटताना. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर वहीत एक जादा ठिपका खपवून घेत नसत. ती टापटीप इथे नडली.
एक ओळ बदलली. ६२ टक्के!
मृणाल हसू दाबत, "चूक यंत्रातच होती ना, आई?" लबाड. कबूल केलं, आणि तिच्या आवडीचं पिठलं टाकलं. कितीतरी दिवसांनी इतकी भूक लागली.

९ मार्च, रविवार
मीटिंग. मूर्ती: "आठवडाभर बघू. तोवर काठीनेही मापू."
"मग काठी तुम्ही धरा," म्हटलं. सगळे हसले, तेही. ठरलं ते असं: आठवडाभर आकडा बरोबर आला तर शिडी कायमची बंद. एकदा जरी चुकला, तर पुन्हा काठी.

१० मार्च
आठला ७१. नऊला ७१. दहालाही ७१! सोमवारी सकाळी चोवीस घरांनी आंघोळी केल्या नाहीत? का पंप चालू आहे, जातं तेवढं भरतंय? की आकडाच शिळा, मघाचाच? शिळा असला तर अ‍ॅपने तसं सांगायला हवं, हे आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.
रंगप्पा काठी घेऊन दारात. "चढू का, अम्मा?"
"थांबा. खुर्चीत बसा आधी."
पंप बंद करवला; आता आकडा उतरला तर खरा, नाहीतर शिळा. वॉशिंग मशीन लावलं. समोरच्या अक्कांनाही लावायला सांगितलं, वरच्यांनाही. तिन्ही मशिनं पाणी घेतायत. फोन माझ्या मांडीवर, रंगप्पाची मान त्यावर वाकलेली.
अजून ७१.