पहिल्या संघातली उडी

४ मार्च, सोमवार
यंदाचं वर्ष माझं. लिहूनच ठेवतो, म्हणजे सप्टेंबरात फायनलच्या वेळी पुरावा हाताशी. वय चौतीस. पण उंच माणसं उशिरा पिकतात असं माझं मत आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मैदानात माझं काम तसं सोपं: पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो, तेव्हा समोरच्यापेक्षा वर उडी घ्यायची. पुढचं बाकीच्या सतरा जणांनी बघावं. बारा वर्षं क्लबच्या राखीव संघात हेच करतोय. पहिल्या संघात अजून एकही मॅच नाही. 'अजून' हा शब्द महत्त्वाचा.
संकल्प: बिअर बंद. रोज पहाटे धावणे.

५ मार्च
पहाटे पाऊस. स्नायू गार पडले तर धोका. धावलो नाही.

७ मार्च, गुरुवार
सरावानंतर कोच गार्थने बाजूला घेतलं. म्हणाला, "वॉरिक, यंदा तुझ्यावर खास जबाबदारी. फिन्लीला तयार कर." फिन्ली म्हणजे नवा पोरगा, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, हात तर खांबाच्या दिव्यापर्यंत पोचतील. गार्थचा डाव लक्षात आला. पोराला शिकवायला उस्ताद हवा, आणि उस्ताद पहिल्या संघातच शोभतो. घरी येऊन इमेल्डाला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तो तुझ्या जागेवर माणूस तयार करून घेतोय." बायकोला खेळातलं राजकारण कळत नाही.
फिन्ली मला 'आजोबा' म्हणतो. आदर असावा.

१३ एप्रिल, शनिवार
फिन्ली पहिल्या संघात. मी राखीवमध्ये. हरलो. माझ्यामुळे नाही.
घोट्याला सूज. क्लबचा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाला, "हा घोटा तुझाच ना? की वडिलांचा आणलास?" सगळे हसले, मीही हसलो. इंजेक्शन घेतलं. घोट्याखाली पाय आहे की नाही कळत नाही. बरं वाटलं. म्हणजे काहीच वाटलं नाही, पण तेच बरं.

२ मे, गुरुवार
इमेल्डाला बूरिनच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. मेलबर्नहून गाडीने चार तास, सगळा गव्हाचा मुलूख. जुलैपासून. अभिनंदन केलं. तिने विचारलं, "तू येणार ना?" म्हटलं, तेव्हा सीझन मध्यावर असेल, कसा येणार? ती म्हणाली, "कुणाचा सीझन, वॉरिक?" प्रश्न नीट कळला नाही. मग ती भांडी घासत बसली. घासलेलीच परत.

५ मे
बूरिनच्या क्लबच्या अध्यक्षांचा फोन. शेतकरी माणूस, मागे ट्रॅक्टर चालू होता. म्हणाले, "आमच्याकडे या. कॅप्टन व्हा, कोचही तुम्हीच व्हा. आमच्यात सहा फुटांच्या वर फक्त चर्चचा पाद्री आहे." नम्रपणे नकार दिला. इथे मला सोडणार नाहीत.
हे गार्थच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "जा की मग!" माझी परीक्षा बघत होता. मी हसून मान हलवली.

८ जून, शनिवार
आज राखीव संघातही नाव नव्हतं. विश्रांती देतायत, मोठ्या सामन्यांसाठी. गोलपंच आजारी पडला, म्हणून गोलच्या खांबांमध्ये, गोल झाला की झेंडे दाखवायला, मला उभं केलं. उंची बघूनच निवडलं असणार. थंडी मरणाची. एका म्हाताऱ्याने कुंपणाबाहेरून ओरडून विचारलं, "काय रे, बढती मिळाली वाटतं?" मी त्याच्याकडे झेंडा हलवला.
नंतर क्लबच्या अंगणात सॉसेज-पाव. बिअर घेतली. ही थंडीची बिअर, संकल्पात येत नाही.

३० जून, रविवार
ट्रक सकाळीच आला. इमेल्डाने फ्रीज माझ्यासाठी ठेवला. जाताना म्हणाली, "भांडण झालं असतं तरी बरं वाटलं असतं मला." भांडण्यासारखं काही सुचेना. तिने मिठी मारली, मीही मारली. ट्रक वळेपर्यंत हात हलवला. माणसाने अशा वेळी रडावं. स्वयंपाकघरात उभा राहून वाट बघितली. काही आलं नाही. मग धावायला गेलो. कोपऱ्यापर्यंत.

११ जुलै, गुरुवार
फिन्लीचा अंगठा मोडला. दुसरा उंच गडी तापाने आडवा. गार्थने यादीवरून दोनदा बोट फिरवलं, मग म्हणाला, "आता तूच उरलास." पहिल्या संघात! माणूस वर्षभर माझ्यासाठी जागा करत होता, आणि तोंडावर काही दिसू दिलं नाही.
इमेल्डाला फोन केला. ती म्हणाली, "येते."

१३ जुलै, शनिवार. सकाळ
जर्सी मिळाली. दंडात घट्ट आहे. आनंद व्हायला हवा, बहुतेक मॅच सुरू झाल्यावर होईल. फिन्ली प्लॅस्टर घातलेला हात सावरत आला आणि म्हणाला, "आजोबा, गुडघा आधी वर घ्या, नाहीतर समोरचा तुमच्या डोक्यात घालेल." त्याला हे मीच शिकवलंय. निघतो.

१७ जुलै, बुधवार
डॉक्टरांनी लिहायला मनाई केलीय. थोडंच लिहितो.
मी खेळलो म्हणतात. बुटाची नाडी बांधल्याचं आठवतं. त्यानंतर इमेल्डाचा हिरवा कोट, हॉस्पिटलात. मधलं काही नाही.
आज तिने मोबाइलवर मॅच दाखवली. पंचाने चेंडू आपटला. मी उडालो. समोरच्यापेक्षा वर, खरंच वर. चेंडू थेट आपल्या माणसाच्या हातात ढकलला, त्याने पळत जाऊन गोल मारला. सगळं मैदान उभं. उडीतच समोरच्याचा गुडघा माझ्या कानशिलात बसला होता, ते कुणी बघितलंच नाही. दोन्ही हात वर करून मी आडवा. पुन्हा लावून बघितलं. चांगली उडी मारली त्या माणसाने. त्याच्याबद्दल काही वाटेना.
डॉक्टर म्हणाले, आता खेळणं संपलं. म्हटलं, बूरिनला? ते म्हणाले, "कुठेच नाही. घरच्या अंगणातही नाही." बरं म्हटलं.
इमेल्डाला विचारलं, मला मैदानाबाहेर आणलं तेव्हा मी काही बोललो का? तिने मोबाइल पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मला बघून खूश झालास. म्हणालास, बरं झालं वेळेवर आलीस, मॅच सुरू व्हायचीय अजून."
मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?
"म्हटलं, हो. बसते मी."