शेपटीचे तीन मणके

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर बाबांच्या कानावर जाईल, म्हणून पत्र. बाबांनी उभा केलेला डायनासोरचा सांगाडा आमचं संग्रहालय आता उतरवणार आणि नव्याने मांडणार. काम माझ्याच माथी आलंय. बाप जिथे हाडं जोडायचा तिथेच नोकरी धरली, भोग म्हणावं!

चूक अशी, की बाबांनी तो माणसासारखा ताठ उभा केला, शेपटी जमिनीला टेकवून. खरं तर त्याचं धड आडवं असायचं. पुढे ते अवजड डोकं, मागे हवेत तोललेली शेपटी आणि सगळा भार कमरेवर. घोड्यासारखं पळणं त्याला जमत नव्हतं म्हणतात. पण नाक भलतंच तिखट, मेलेलं जनावरसुद्धा लांबून कळायचं. जिवंत सावज गाठलं की असा चावायचा, की हाडासकट चुरा. एकेक दात केळ्याएवढा, आणि पडला की नवा यायचा. तुझा दातांचा दवाखाना तिथे पार बसला असता बघ.

बाबांचे डोळे गेले तरी रोज मी घरी आले की त्या सांगाड्याचं विचारतात, स्वारी बरी आहे ना. सांगू का रे त्यांना? माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. लांब आहोत म्हणून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी

११ जून

चि. बारकीस,
अ. आ.

अजिबात सांगू नकोस! दाढ काढायची आहे हे मीसुद्धा पेशंटला खुर्चीत बसेपर्यंत सांगत नाही. आई गेली, नजर गेली, आता त्या सांगाड्याखेरीज बाबांपाशी उरलंय काय? चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना कशाला ऐकवायचं, की तुमचं सगळं चुकलं म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं तर छान आहे म्हण आणि विषय बदल.

तू मात्र जेवत जा. रागावू नकोस, आणि रागावलीच असशील तर पत्रातच रागाव.

तुझा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसंच केलं. परवा शेपटी उतरवली. तीन मणके कडेने कानशीने घासलेले निघाले, तेही खरे, प्लास्टरचे नव्हेत, लाखमोलाचे! कुठल्या अडाण्याने हे केलं कोण जाणे. मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

घरी आले तर बाबांनी त्या दिवशी स्वारीचं नाही, शेपटीचं विचारलं. शेपटीबद्दल कुणी काही बोललं का म्हणाले. जेवताना पुन्हा तेच, झोपायला जाताना पुन्हा तेच. मला वाटलं, म्हातारपणी कौतुक ऐकावंसं वाटत असेल. म्हटलं, लोक बघतच राहतात. ते कूस बदलून पडून राहिले. दोन दिवस झाले, धड जेवत नाहीत. जमेल तर येऊन जा.

वाट बघणारी,
बारकी

२९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचं तेरावं करून तू परत गेलास आणि घर खायला उठलं. बाबांची खाट अजून हलवलेली नाही, हात धजत नाही.

आज त्यांची हत्यारांची पेटी उघडली. कानशीच्या खाली एक पत्र होतं, संचालकांना लिहिलेलं, चाळीस वर्षांपूर्वीचं, कधीच न टाकलेलं. लिहिलंय, की शेपटी खाली वळतच नव्हती, हाडं आपणहून आडवी बसत होती. त्यांनी तसं आपल्या विभागाच्या साहेबांना सांगितलंही. साहेब म्हणाले, लोकांना ताठ उभा हवाय. घरी दोन लहान पोरं होती, नोकरी सोडवेना. म्हणून बाबांनीच ते तीन मणके घासले. त्या दिवसापासून त्या दालनात मान वर करून गेलो नाही, असं लिहिलंय.

खाली अलीकडची, न बघता लिहिलेली, एकमेकींवर चढलेली अक्षरं आहेत. पोरगी आता तिथे आहे, सांगाडा उतरवणार असं कानावर आलंय, तिच्या हाताला ते मणके लागतील, तिने विचारलं की सगळं सांगून टाकीन.

दादा, मी विचारलंच नाही रे.

आता डोक्यावर तुझाच हात, तो काढू नकोस.

तुझी,
बारकी