सज्ज्याचा सोळावा खांब

बा,

तालमीच्या सज्ज्याचे तुझे कठडे मी काढून टाकले. सोळाच्या सोळा खांब, वरचा दांडा, मधले गज, सगळं. त्यांच्या जागी माझ्या हातचे बसवले, त्यातला एक खांब निसटला आणि तुझी लेक, आपली धाकटी, वरून खाली पडली. हे एका दमात लिहून टाकतो, नाहीतर मी लाकडाच्याच गोष्टी सांगत बसेन, मला ती खोड आहे आणि ती तुझ्याकडूनच आली आहे. त्याला आता वर्ष होत आलं. पुन्हा नागपंचमी तोंडावर आली आहे. धाकटी आतल्या खोलीत पडून असते, कंबरेखाली तिच्या अंगात काही उरलेलं नाही. मी ओसरीवर बसून कागद घेतला आहे तो तुझी खुशाली विचारायला नाही. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, तुझी कसली खुशाली! मी भांडायला बसलो आहे. ज्या नेमापायी हे झालं तो नेम तुझा होता.

तुझ्या वेळी ती नुसती तालीम होती. खाली लाल मातीचा हौदा, भोवती दगडी काठ, आणि वर चारही बाजूंनी लाकडी सज्जा, त्यावर उभं राहून गाव कुस्त्या बघायचं. आता ती सरकारच्या जुन्या इमारतींच्या यादीत आहे. अकोल्याहून ओव्हरसियर आला, चष्मा कपाळावर चढवून वर बघत राहिला आणि म्हणाला, "इमारतीइतकंच जुनं काम दिसतं. असे कारागीर आता जन्मत नाहीत." मी म्हटलं, "सायेब, हे काम माह्या बापाचं हाय. याच खांबामागं तंबाखू थुंकला म्हणून वस्तादाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं." तो हसला नाही. त्यानं कागद काढला आणि अट वाचून दाखवली: खांबांची बुडं वाळवीनं खाल्ली आहेत, माणूस रेलला तर धोका आहे, सबब कठडे नवे करावेत, पण जसे होते तसेच. लाकूड तेच, घाट तोच, सांधा तोच. "एक खिळा दिसला तरी काम नापास," असं त्यानं वर तोंडी सांगितलं. तुझ्या कठड्यात खिळा होताच कुठे? खांबाचं बुडाशी तासलेलं कुसू तुळईच्या भोकात, आडवी सागाची खुंटी, झालं. लोखंड नावाला नाही. मी छाती काढून सांगितलं की होईल.

पहिला खांब उपटला तेव्हा तो हातात पोकळ आला, बा. वरून अगदी तुळतुळीत, तू फिरवलेल्या रंध्याची लकाकी तशीच, आणि बुडाशी नुसता भुगा. मी तो मांडीवर घेऊन बसलो आणि मला रडू आलं, मग स्वतःचाच राग आला. अडीच महिने काम केलं. तुझा एक खांब समोर ठेवायचा आणि त्याच्यासारखा दुसरा काढायचा. तुझी पटाशी होती, हात माझा होता. मधल्या कमळाच्या पाकळ्या तू पाच ठेवल्या होत्यास आणि एका खांबावर चुकून सहा. मी ती चूकही तशीच उतरवली. म्हातारे वस्ताद रोज येऊन खांबावरून तळवा फिरवायचे. एक दिवस म्हणाले, "बापाचा हात उतरला रे तुह्यात. कोनाचं कोनतं, सांगता येत नाई." तू मला जन्मात कधी बरं म्हटलं नाहीस. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस जेवलो नाही तरी चाललं असतं.

पंचमीच्या कुस्त्या नव्या कठड्यावरून बघायच्या असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. ओव्हरसियरही त्याच दिवशी काम बघायला येणार होता. चतुर्थीच्या दुपारपर्यंत पंधरा खांब उभे राहिले. सोळावा राहिला होता, बाहेरच्या जिन्याजवळचा, बायकांच्या कोपऱ्यातला. तुला ठाऊकच आहे, आत मारुती म्हणून खाली बाया येत नाहीत. वर्षातून एकदा, पंचमीला, त्या बाहेरच्या जिन्यानं सज्ज्यावर चढतात. त्या सोळाव्याचं भोक मी मोठं पाडलं. का पाडलं? घाई झाली, पटाशी सरकली, काय सांगू! कुसू आत खुळखुळायला लागलं, खुंटी धरेना. तुळईचा तो तुकडा बदलायला हवा होता, आणि ते दोन दिवसांचं काम.

तेवढ्यात धाकटी आली. रिठदच्या सासरहून बैलगाडीनं आली ती घरी न जाता थेट तालमीत. भावाचा उपास तिचा, पोटात पाण्याशिवाय काही नाही, ओठ सुकलेले, आणि पंचमीची वाट न बघता बाहेरच्या जिन्यानं सज्ज्यावर चढून या खांबावरून त्या खांबावर हात लावत फिरत होती. "दादा, हे तर बाचंच हाय!" म्हणाली. "तुवं कोनतं ते दाखव ना!" मी म्हटलं, सगळंच माझं. तर दोन्ही हातांनी माझी अलाबला घेतली आणि तिथंच कडाकडा बोटं मोडली. उद्या मैत्रिणींना घेऊन येते म्हणाली. सोळाव्याजवळ मी तिला जाऊ दिलं नाही, म्हटलं तेल ओलं आहे. ती गेल्यावर बुडाशी पाचर ठोकली, वर सुतळीचे सहा-सात वेढे घट्ट आवळले आणि त्यावर आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. बाकीच्या पंधरांनाही बांधल्या, एकालाच डहाळी कशी दिसेल?

पंचमीच्या सकाळी तुझी सून दिंडं उकडत होती. चुलीवर तवा नाही, विळी पाटाखाली ढकललेली, आपल्या घरची तीच रीत. मी न्हाऊन नुसता बसून राहिलेला बघून तिनं ओळखलं. "काय झालं जी?" मी सांगितलं. तिनं मोदकपात्राचं झाकण ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मंग जा ना तुमी आत्ताच. दोन लंबे खिळे मारा तिरपे. कायले बसून राह्यले?" मी म्हटलं, आज पंचमी आहे, आज हत्यार उचलत नाहीत. "अवो, नाग काय सज्ज्यात राह्यते का?" ती म्हणाली. मी ओरडलो तिच्यावर. भांडी वाजावीत असा ओरडलो. म्हटलं, माह्या बापानं घालून देल्ला नेम हाय, तू काल आलेली मले शिकवू नको. वीस वर्षं झाली तिला या घरात येऊन. ती वळली आणि पात्रातली दिंडं काढायला लागली.

आणि नेम तू कसा घालून दिला होतास ते सांगू? माझं लग्न झालं त्या वर्षीची पंचमी. धाकटी दहा वर्षांची, लिंबाला झोका बांधलेला आणि त्याची पाटली मोडलेली, म्हणून तिनं भोकाड पसरलं होतं. मी वाकस घेतला आणि एक फळी तासायला बसलो, तीन घाव घातले असतील. तू मागून आलास आणि नव्या सुनेच्या देखत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत मला कानफटात मारलीस. "सुताराच्या पोटचा व्हय ना तू? आजच्या दिवशी हत्याराले हात लावते! येकाचा जीव जाईन तवा समजन तुले." तेवढंच बोललास आणि वाकस उचलून माळ्यावर टाकलास. धाकटी रडायची थांबली. मी वीस वर्षांचा बाप्या, खाली मान घालून उभा. ती झापड माझ्या गालावर अजून आहे, बा. त्यानंतर एकाही पंचमीला मी सुईसुद्धा उचलली नाही.

दुपारी तिसरी कुस्ती चालली होती. मी खाली हौद्याच्या काठाशी ओव्हरसियरजवळ उभा होतो आणि मान वर करकरून बायकांच्या कोपऱ्याकडे बघत होतो. तिथं आडवा दोर बांधून ठेवू असं सकाळी मनाशी म्हटलं होतं. मग म्हटलं, लोक विचारतील दोर कशाला. धाकटी अगदी पुढं होती, सोळाव्याला रेलून, आणि कोणाला तरी सांगत होती, "माह्या दादानं केलं." ऐकू येत नव्हतं एवढ्या गर्दीत, पण ओठांवरून कळत होतं. मी हात केला, मागं हो म्हणून. तिला वाटलं मी बोलावतो आहे. तिनंही हात केला, वाकून. डहाळी आधी खाली आली. मग खांब. ती मातीत पडली असती तर मुका मार खाऊन उठली असती, वस्ताद अजून तेच म्हणतात. ती दगडी काठावर पडली. तिच्याजवळ पहिला मी पोचलो आणि मी पहिलं काय केलं? खांबाच्या बुडाची सुतळी ओरबाडून खिशात घातली.

ओव्हरसियरनं 'गर्दीच्या रेट्यानं खांब निसटला' असं लिहून नेलं. अकोल्याच्या दवाखान्यात दोन महिने झाले, डॉक्टर म्हणाला, घरी न्या. तुझा जावई दोनदा तिला बघायला आला. तिसऱ्यांदा आला तो तिची लुगड्यांची पेटी ओसरीवर ठेवून गेला, चहासुद्धा घेतला नाही. तुझी सून तिचं सगळं करते, न्हाऊ घालते, कूस बदलते, आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. त्या सकाळचं तिनं कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं, सांगावं तिनं एकदा, चव्हाट्यावर ओरडून सांगावं. पण सगळ्यात वाईट ते नाही. सगळ्यात वाईट धाकटी आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगते, "दादानं पंचमीचा नेम मोडला नाई म्हनून मी वाचली. एवढ्या वरून पडून मानूस राह्यते का? त्याच्या नेमाची पुन्याई." तिला कळलं आहे की खांब कच्चा राहिला होता, सण आडवा आला म्हणून. तेवढंच मी सांगितलं आहे. ते ऐकून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, बा. मी तिथून उठून परसात गेलो आणि भिंतीवर डोकं आपटलं.

म्हणून तुझ्याशी भांडायचं होतं. बसलो तेव्हा सगळं तयार होतं मनात. तू मारलंस, तू भीती घातलीस, तुझ्या भीतीनं माझा हात धरला. पण इथवर लिहिलं आणि दुसरी एक पंचमी आठवली. ती आठवू नये म्हणून वर्षभर धडपडलो. शेजारची म्हातारी सकाळीच गेली होती. पाऊस धरून आलेला, त्यांच्या घरात पुरुषमाणूस नाही, आणि तिरडीचे बांबू कोण तोडणार म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. तू माळ्यावरून कुऱ्हाड काढलीस. मी म्हटलं, बा, आज पंचमी. तू म्हणालास, "अडलेल्याच्या कामाले पंचमी नसते रे. नागाले कळते तेवढं." आणि फटाफट बांबू तोडलेस, माझ्यादेखत. आल्यावर आंघोळ केलीस, दिंडं खाल्लीस आणि झोपलास.

म्हणजे मला ठाऊक होतं. तुझी सून खिळे मार म्हणाली तेव्हाही ठाऊक होतं. खिळे पिशवीत होते, चार बोटं लांबीचे. तालीम घरापासून हाकेवर. कोणी बघितलं नसतं, बघितलं असतं तर वस्तादांनी स्वतः हातोडी दिली असती.

मले नागाचं भेव नव्हतं, बा. तुवंही नव्हतं. खिळा दिसला असता. पंधरा खांब तुह्यासारखे अन् सोळाव्याले खिळे, हे त्या सायबानं पाह्यलं असतं, वस्तादानं पाह्यलं असतं. पंचमी आडवी आली तं मले बरं वाटलं.

आतून धाकटी हाक मारते आहे. मघापासून विचारते आहे, "दादा, येवढं कोनाले लिहून राह्यला?" मी तिला सांगितलं, ओव्हरसियरला.